फिक्स्ड ब्रायडल की डीपॉवर? लँडबोर्डसाठी पहिला स्वतःचा काइट

मोकळं_मैदान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर लँडबोर्ड, म्हणजे चाकांच्या फळीवर उभं राहून काइटच्या ओढीने फिरणं, शिकतोय. सुरुवात दोन दोऱ्यांच्या 2 चौरस मीटर ट्रेनरवर केली, मग मित्राचा 4 मीटरचा फिक्स्ड ब्रायडल (उडत असताना कोन बदलता न येणारा) काइट हँडल्सवर उडवला. आता दोन्ही बाजूंना शंभर-दोनशे मीटर नीट जाता येतं. जिथून निघालो तिथेच परत येणं दहातून सहा-सात वेळा जमतं. उड्या मारायच्या नाहीत, शर्यती लावायच्या नाहीत. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास मनसोक्त फिरायचं, एवढीच इच्छा आहे.

आता स्वतःचा काइट घ्यायचाय आणि तिथेच घोडं अडलंय. मित्र म्हणतो, फिक्स्ड घे, साधा असतो, हाताला वारा कळतो. जिथे शिकलो तिथले दुसरे एक जण म्हणतात, थेट डीपॉवर (हातातल्या दांड्याने, म्हणजे बारने, ओढ कमी-जास्त करता येणारा) घे, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा खर्च करशील. वाचायला गेलं की "नवशिक्याला फिक्स्ड, मुरलेल्याला डीपॉवर" असं एक वाक्य सगळीकडे मिळतं, पण असं का, ते कुणीच सांगत नाही.

माझं वजन 72 किलो. मैदान मोठं आहे, जमीन टणक, गवत आखूड. वारा साधारण ताशी 14 ते 24 किलोमीटर. महिन्यातून एखाद्या वेळी ओहोटीच्या पुळणीवर जाणं होतं.

कृपया "दोन्ही घ्या" सोडून काहीही सांगा.

रानवारा

सल्ला देण्याआधी एक विचारतो. मैदानाच्या ज्या बाजूने वारा येतो, त्या बाजूला काय आहे? झाडं, इमारती, टेकडी?

मोकळं_मैदान

झाडांची रांग आहे. उंची असेल 12-15 मीटर. आम्ही त्यांच्यापासून साधारण 80 मीटरवर सुरुवात करतो.

रानवारा

मग फिक्स्ड-डीपॉवरच्या आधी जागा बदला. अडथळ्याच्या मागे त्याच्या उंचीच्या सात ते दहा पट अंतरापर्यंत वारा घुसळलेला असतो. 15 मीटरची झाडं धरली तर दीडशे मीटरपर्यंत. तुम्ही ऐन घुसळणीत उभे आहात, आणि तिथे कोणताच काइट शहाण्यासारखा वागणार नाही. आणखी शंभर मीटर पुढे जा, मग वारा मोजा.

मोजायचा म्हणजे नुसता आकडा बघायचा नाही. वारामापक हात वर करून दहा मिनिटं धरा आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त, असे दोन आकडे लिहून घ्या. काइटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गात वाढते. वारा 16 वरून 24 ला गेला तर वेग दीडपट झाला, पण ओढ सव्वादोनपट. चाळीस किलोची ओढ क्षणात नव्वद. या दोन आकड्यांमधली दरी किती, यावर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

हँडलवाले_काका

मी गेली बरीच वर्षं फिक्स्डवर आहे, तर माझी बाजू मांडतो.

ब्रायडल म्हणजे आपल्या पतंगाची कन्नीच, फक्त दोन-तीन धाग्यांच्या जागी पन्नास-साठ. कन्नी एकदा बांधली की पतंग वाऱ्याला कोणत्या कोनात उभा राहणार ते ठरून जातं. फिक्स्ड ब्रायडलमध्ये तो कोन शिवतानाच ठरवलेला असतो. डीपॉवरमध्ये बार पुढे-मागे केला की पुढच्या-मागच्या दोऱ्यांच्या लांबीतला फरक बदलतो, ब्रायडलमधल्या पुली फिरतात आणि उडत्या काइटचा कोन बदलतो. फरक इतकाच, पण त्यातून सगळं वागणं बदलतं.

फिक्स्डचा मोठा गुण म्हणजे तो काही लपवत नाही. वारा वाढला की खांद्याला कळतं, कमी झाला की कळतं. 3 मीटरचा काइट जड जायला लागला की तुम्ही खाली उतरता आणि 2 मीटरचा काढता, कारण दुसरा मार्गच नसतो. दोन हँडल्स, चार दोऱ्या. वरच्या दोन ओढीच्या, खालच्या दोन ब्रेकच्या. मनगटात किलर, म्हणजे ब्रेकच्या दोरीला जोडलेला पट्टा. काही बिघडलं तर हँडल्स सोडून द्यायची. ओढीच्या दोऱ्या सैल, ब्रेकच्या ताठ, आणि काइट फडफडत मागच्या कडेवर खाली. पाच मिनिटांत उघडतो, पाच मिनिटांत पिशवीत जातो. बारीक वाळूने खराब होणाऱ्या पुली नाहीत.

तुमच्या वजनाला 3 आणि 5 अशी जोडी घेतली तर 14 ते 24 च्या वाऱ्यात बहुतेक दिवस निघतील. पहिला घेताना कमी ॲस्पेक्ट रेशोचा, म्हणजे आखूड-रुंद घ्या. पीकेडी बस्टर, एचक्यू बीमर हे त्या जातीचे. लांब-अरुंद शर्यतीचे काइट झोतात चटकन मिटतात आणि उघडताना हिसका देतात.

लँडबोर्डी

काकांच्या अनुभवाला मान आहेच, पण ते बहुतेक बग्गीवरून (काइटने ओढल्या जाणाऱ्या तीनचाकी गाडीवरून) बोलत असावेत. बग्गीत तुम्ही बसलेले असता, जमिनीपासून वीतभर वर. झोत आला तर बग्गी आडवी घसरते आणि जास्तीची ओढ चाकांत जिरते. बोर्डवर तुम्ही उभे आहात, पाय बाइंडिंगमध्ये (बोर्डवरच्या पट्ट्यांत), आणि ओढ छातीच्या उंचीवर लागते. तोच झोत बग्गीवाल्याला दोन मीटर सरकवतो आणि बोर्डवाल्याला तोंडावर पाडतो. म्हणून बग्गीवाले अजून आनंदाने फिक्स्ड उडवतात आणि बोर्डवाले डीपॉवरकडे वळतात. हा शिकाऊ-मुरलेला असा भेद नाहीच, उभं राहायचं की बसायचं असा आहे.

आणि हात! हँडल्सवर दोन तास काढून बघा. कोपरापासून खाली बधीर होतं. स्ट्रॉप (दोन्ही हँडल्सना जोडणारी दोरी) लावून ओढ हार्नेसवर, म्हणजे कमरेच्या पट्ट्यावर, घेता येते, पण मग फिक्स्ड काइट थेट कमरेला बांधला गेला, आणि त्याची ओढ जागच्या जागी कमी करायचं साधन तुमच्याकडे नाही. डीपॉवरमध्ये सगळी ओढ मुळातच हार्नेसवर असते, बार दोन बोटांनी धरता येतो.

मोकळं_मैदान

बग्गी-बोर्डचा मुद्दा पहिल्यांदाच ऐकला, धन्यवाद. काका, तुम्ही खरंच बग्गीवर असता का?

दुसरी शंका. फिक्स्डमध्ये ओढ कमी करता येत नाही म्हणता, पण ब्रेक आहेत ना? ब्रेक ओढले की ताकद कमी होणार नाही का?

हँडलवाले_काका

हो, बहुतेक वेळ बग्गीवरच. लँडबोर्डी यांचा तो मुद्दा मला मान्य आहे.

ब्रेकबद्दल मात्र नीट वाचा, कारण नेमक्या याच गैरसमजातून लोक पडतात. ब्रेक थोडे ओढले की काइटची मागची कड खाली वळते, पोट वाढतं, काइटचा वेग कमी होतो आणि ओढ वाढते. आणखी ओढले की तो थांबतो आणि मागे पडायला लागतो, तेव्हा कुठे ओढ जाते. म्हणजे घाबरून ब्रेक अर्धवट ओढणारा माणूस काइटला जोर देत असतो. झोत आला तर ब्रेक सोडायचे, काइट विंडोच्या (आपल्यासमोर काइट जिथे उडू शकतो त्या भागाच्या) कडेला न्यायचा आणि बोर्ड वाऱ्याकडे वळवून टाच रोवायची. खरंच नको असेल तर ब्रेक पूर्ण, थेट. मधलं काही नाही.

ओहोटी

हात घाबरल्यावर काय करतात, याबद्दल मला सांगायचंय, कारण माझ्या मते काइट त्यावर निवडावा.

मी हँडल्सवर शिकले आणि मग डीपॉवरवर गेले. चौथ्या-पाचव्या दिवशी पुळणीवर मागून जोराचा झोत आला. बोर्ड धावायला लागला, तोल पुढे गेला आणि माझ्या दोन्ही हातांनी बार छातीकडे ओढून धरला. पडताना माणूस जे हाताला लागेल ते घट्ट धरून जवळ ओढतो, तसाच. पण डीपॉवरमध्ये बार जवळ म्हणजे पूर्ण ताकद. त्या क्षणी मला फक्त बोटं उघडायची होती. बार आपोआप वर सरकला असता आणि काइट मऊ झाला असता. पण बोटं उघडली नाहीत. वीसेक मीटर फरपटत गेले. हेल्मेटची डावी बाजू वाळूने घासून पांढरी पडली आणि कोपरावरचं कातडं गेलं. थांबल्यावर पाहिलं तर बार अजून छातीशीच होता.

त्यानंतर दोन आठवडे बोर्ड घरी ठेवला. नुसती उभी राहून काइट उडवायचे, आणि मैत्रीण न सांगता मागून "सोड!" म्हणून ओरडायची. की हात उघडायचे. शंभर वेळा तरी केलं असेल. नंतर जोराच्या झोतातसुद्धा हात आपोआप उघडायला लागले.

हँडल्सवरही सोडणंच शिकावं लागतं, पण तिथे घट्ट धरून ठेवल्याने ओढ निदान वाढत नाही, आहे तेवढीच राहते. डीपॉवरमध्ये सुटका जवळ आहे, पण ती आपल्या उपजत सवयीच्या उलट दिशेला आहे. धागाकर्त्यांनी आधी हे स्वतःवर तपासून बघावं.

लँडबोर्डी

ओहोटी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी नवीन माणसांना हेच पहिल्या दिवशी करायला लावतो, आणि सोबत क्विक रिलीजही. लाल पकड पुढे ढकलून काइट पूर्ण सोडायचा, तो एकाच दोरीवर फडफडत पडतो, मग पुन्हा जोडायचा. दर वेळी मैदानावर गेलं की उडवण्याआधी एकदा, डोळे मिटून, हाताने चाचपून. गरज पडेल तेव्हा खाली बघायला वेळ मिळत नाही.

पानं_चाळणारा

जरा इतिहास, मूळ प्रश्नाला धरूनच. ब्रिस्टलचे शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी 1826 मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं, नाव शार्व्होलान. त्यांनाही ओढ हवी तेव्हा कमी करण्याची अडचण होतीच, आणि त्यांनीही पतंगाला अनेक दोऱ्या लावून ती सोडवायचा प्रयत्न केला. आज आपण उडवतो ते कापडी, हवा भरून फुगणारे फॉइल डोमिना जाल्बर्ट यांच्या 1964 च्या पॅराफॉइलचे वंशज. पीटर लिन यांच्या बग्गीमुळे 1990 च्या आसपास जमिनीवर काइट घेऊन फिरणं सर्वदूर पोचलं, आणि त्या काळी फिक्स्डच होते. पाण्यावरच्या फुगवून घ्यायच्या काइटमध्ये जवळपास पूर्ण डीपॉवर 2005 च्या सुमारास बो काइटबरोबर आला. म्हणजे जुन्या लोकांनी फिक्स्डवर हात बसवले, कारण तेव्हा तेच होतं. "आधी फिक्स्ड" हा क्रम त्यांच्या आयुष्यातला आहे, प्रत्येकाने तोच धरावा असं नाही.

वाऱ्यावरची_वरात

डीपॉवर म्हणजे सुरक्षित, असं कुणी समजत असेल तर माझा अनुभव वाचा.

झोत येतो तेव्हा डीपॉवर तुम्हाला वाचवतो, हे खरंच. पण वारा पडतो तेव्हा? माझा 8 मीटरचा काइट डोक्यावर स्थिर होता, बार बाहेर, मी शांतपणे उभा. वारा एकदम पडला. बार बाहेर असल्यामुळे काइट हलका होऊन तरंगत माझ्या डोक्यावरून, वारा येत होता त्या बाजूला गेला, पुढची कड आत दुमडली, दोऱ्या सैल पडून खांद्यावर आल्या. मग तो पाचोळ्यासारखा खाली यायला लागला, आणि विंडोच्या अगदी मध्यावर असताना पुढचा झोत आला. फट् करून उघडला. मी दोन पावलं धावलो, तिसरं पाऊल जमिनीला लागलंच नाही. फार नाही, हातभर उचललो गेलो असेन, पण पाठीवर पडलो आणि आठवडाभर वाकता येत नव्हतं.

झोताझोताच्या वाऱ्यात काइट डोक्यावर ठेवून उभं राहू नका. बाजूला, अर्ध्या उंचीवर ठेवा. दोऱ्या सैल वाटल्या की बार आत घ्या आणि मागे चाला. इथे आत घ्यायचा असतो, बाहेर सोडायचा नाही. म्हणजे ओहोटी यांनी सांगितलं त्याच्या बरोबर उलट. डीपॉवर शिकणं म्हणजे या दोन वेळा वेगळ्या ओळखणं.

रानवारा

वरच्या प्रतिसादात एक गोष्ट आहे, ती बाहेर काढतो. तुमचं वजन किती आणि त्या दिवशी वारा किती होता?

वाऱ्यावरची_वरात

70 किलो. झोत 30 च्या वर जात होते. हो, काइट मोठा होता. "जास्त झालं तर बार सोडू" असं म्हणून 8 चा काढला होता. 6 चा पिशवीत होता.

रानवारा

प्रांजळपणे सांगितलंत, आभार. हेच मला पोटतिडकीने सांगायचंय. डीपॉवर माणसाला सुरक्षिततेची जी जागा देतो, ती माणूस मोठा काइट काढून लगेच खर्च करून टाकतो. मग बार पूर्ण बाहेर ठेवून फिरत राहायचं, आणि खरा झोत आला की सोडायला काही उरलेलंच नसतं. फिक्स्डवाल्याने 3 चा काढला असता, कारण त्याला भीती असते. डीपॉवरवाल्याने ती भीती स्वतःहून बाळगायला हवी.

माझा नियम असा: आकार निवडताना हा काइट डीपॉवर नाहीच असं समजायचं. बार अर्ध्यावर असताना बोर्ड सुखाने चालला पाहिजे. उभं असताना काइट अंमळ लहानच वाटला पाहिजे, कारण बोर्ड धावायला लागला की स्वतःच्या वेगाचा वारा त्यात मिळतो आणि ओढ वाढते. सगळा वेळ बार बाहेर लागत असेल तर उतरा आणि लहान काढा.

माझ्या अनुभवात 4 मीटरचा फिक्स्ड जी ओढ देतो, तिच्यासाठी साधारण 6 मीटरचा डीपॉवर लागतो. तेव्हा आकडा मोठा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण उगाच 9-10 वरही जाऊ नका.

मोकळं_मैदान

आज रानवारा यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. झाडांपासून पावणेदोनशे मीटरवर जाऊन दहा मिनिटं वारा मोजला: कमीत कमी 13, जास्तीत जास्त 21. जुन्या जागी मोजला तर 6 आणि 23! एकाच मैदानावर, अर्ध्या तासाच्या अंतराने. मी वर्षभर त्या 6-23 मध्ये शिकत होतो आणि स्वतःला दोष देत होतो.

आणखी एक. मित्राचा 4 मीटरचा हल्ली फार सुस्त झालाय. वळत नाही, मध्येच मागे पडतो. काइट म्हातारा झाला असेल का? मला वाटलं होतं की फिक्स्ड असेच असतात.

हँडलवाले_काका

बहुधा काइट ठीक आहे, दोऱ्या ताणल्या गेल्यात. ओढ नेहमी वरच्या दोन दोऱ्यांवर येते, त्यामुळे त्या काळाने लांबतात. ब्रेकच्या तेवढ्याच राहतात. म्हणजे काहीही न करता ब्रेक कायमचे थोडे ओढलेले. तो सुस्त होणारच.

चारही दोऱ्यांची टोकं एका खुंटीला अडकवा, दुसरी टोकं हातात घेऊन सारख्या ताणाने ओढा. फरक दिसेल. मग ब्रेकच्या लीडरवर (हँडलला जोडलेल्या गाठींच्या आखूड दोरीवर) एक-दोन गाठी बाहेर सरका. काइट डोक्यावर असताना हँडल्स सरळ धरली तर ब्रेकच्या दोऱ्यांना हलकी झोळ दिसली पाहिजे.

लँडबोर्डी

डीपॉवरलाही हेच लागू, फक्त तिथे पुढच्या दोऱ्या लांबतात. बार आत घेतला की काइट मागे पडायला लागतो आणि लोक म्हणतात काइट खराब. शिवाय पुली तपासा. वाळू अडकून फिरायची थांबली की दोरी तिच्यावर घासून झिजते. पुळणीवरून आल्यावर मी साध्या पाण्याने धुतो आणि एकेक पुली बोटाने फिरवून बघतो.

मोकळं_मैदान

पाच सेंटिमीटरचा फरक निघाला!! दोन गाठी सरकवल्या आणि तोच काइट आज वेगळाच उडतोय. मित्र दोन वर्षं तसाच उडवत होता.

ओहोटी

वा! आता त्याच काइटवर महिनाभर फिरा आणि मगच ठरवा. घाई कसली?

मोकळं_मैदान

पाच आठवड्यांनी परत आलोय, उशिराबद्दल माफी.

मित्राचा दुरुस्त केलेला 4 मीटर नवीन जागेवर सात-आठ वेळा उडवला. 13-21 च्या वाऱ्यात तो खरंच छान चालतो. पुळणीवर तर हँडल्ससारखं सुख नाही, वारा एकसारखा असतो आणि काइट नुसत्या मनगटाने फिरतो. पण मैदानावर दीड तासानंतर हात संपतात, आणि संपलेल्या हातांनी मी चुका करतो. शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येक वेळी पडलोय.

मग एका ओळखीच्यांकडून 6 मीटरचा ओपन-सेल (पुढच्या कडेला हवेची तोंडं उघडी असलेला) डीपॉवर दोन दिवस मागून आणला. ओहोटी यांचा सराव आधी केला. पहिल्या दहा वेळांपैकी सात वेळा माझे हात बारच ओढत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दहापैकी नऊ वेळा उघडले. अडीच तास फिरलो, हात ताजे होते.

तर 6 चा ओपन-सेल डीपॉवर घेतोय, ओझोन ॲक्सेस किंवा तशाच साध्या जातीचा. पाण्यावर जायचं नाही, त्यामुळे झडपांचा क्लोज्ड-सेल नको, आणि जमिनीवर घासून फुटणाऱ्या फुग्याचा तर नकोच. फ्लायसर्फर पीकसारखा एकाच कापडाचा सिंगल स्किनही पाहिला. हलका आहे, झटपट उठतो, पण वारा वाढल्यावर बार बाहेर सोडला की फार फडफडतो, असं तो उडवणाऱ्यानेच सांगितलं. 21 च्या वर झोत जायला लागले की घरी, असं सध्या ठरवलंय.

एक विचारायचं राहिलं. एकटा असताना उतरवायचा कसा? फिक्स्डमध्ये ब्रेक ओढले की मागच्या कडेवर बसतो आणि हँडल्सचे ब्रेक खुंटीला अडकवता येतात. यात?

लँडबोर्डी

निवड तुमच्या मैदानाला साजेशी आहे. उतरवण्यासाठी काइट डोक्यावर आणा आणि लगेच बारच्या वरच्या मागच्या दोऱ्या (किंवा त्यांना जोडलेली पकड असेल तर ती) ओढा. तो उलटा चालत तुमच्या समोर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, मागच्या कडेवर बसेल. दोऱ्या सोडू नका, ओढलेल्या धरूनच खुंटीपर्यंत या. खुंटी आधीच ठोकून ठेवलेली हवी. मागच्या दोऱ्या खुंटीला, मग चिकन लूप (बारची हार्नेसला अडकवलेली कडी) हार्नेसमधून काढा. उलट क्रमाने केलंत तर काइट रिकामा उठू शकतो.

मग खुंटीकडून चालत जा आणि वाऱ्याकडच्या कडेवर वाळूची पिशवी ठेवा.

हँडलवाले_काका

खुंटी तिरपी ठोका, डोकं काइटपासून दूर झुकलेलं. सरळ ठोकलेली ओल्या जमिनीतून निघून येते, माझी दोनदा आली आहे.

मोकळं_मैदान

खुंटी तिरपी, समजलं. शनिवारी वारा 15-20 दाखवतोय, मित्र त्याचा 4 घेऊन येतोय.